मॉर्डिनचा हिशेब

२०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेनं सगळ्यांना घरात कोंडलेलं असताना, माझ्या मुलानं ‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेमचे तिन्ही भाग एकत्र असलेली नवी आवृत्ती घेतली. वेळ जात नव्हता म्हणून मीही शेजारी बसू लागले. लढाईची बटणं काही माझ्या बोटांना जमेनात. मग आमच्यात वाटणी झाली. “लढाया मी करतो, बोलायचं तू बघ,” तो म्हणाला. महाविद्यालयात तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला संवाद वाचून त्यातलं योग्य उत्तर निवडायचं काम मिळालं आणि ते मी नेटानं केलं.

त्या संवादांतून मला मॉर्डिन सोलस नावाचा एक डॉक्टर भेटला. हा लेख त्याच्याविषयी आहे. त्यानं जे केलं ते मला अक्षम्य वाटतं आणि तो मला मनापासून आवडतो. या दोन वाक्यांची सांगड कशी घालायची, याचा विचार तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. त्याला एक घरगुती कारणही आहे. ते पुढे येईल.

सोबती म्हणजे कोण?

ज्या वाचकांचा या माध्यमाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. ‘मास इफेक्ट’ ही बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीची अंतराळकथा. पहिला भाग २००७ साली आला, दुसरा २०१० साली आणि तिसरा २०१२ साली. खेळणारा शेपर्ड नावाच्या सेनाधिकाऱ्याच्या भूमिकेत असतो. हा शेपर्ड पुरुष असावा की स्त्री, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. एक जहाज आहे, एक मोहीम आहे आणि मोहिमेसाठी वेगवेगळ्या ग्रहांवरून गोळा केलेले साथीदार आहेत.

हे साथीदार लढाईत बरोबर असतात. पण त्यांची खरी ओळख होते ती दोन लढायांच्या मधल्या वेळात. तेव्हा आपण जहाजात फिरायचं, एकेकाच्या खोलीत जायचं आणि बोलायचं. हे बोलणं ऐच्छिक असतं. तुम्ही गेला नाहीत म्हणून खेळ अडून राहत नाही. कादंबरीत कुठलं पात्र किती भेटणार हे लेखक ठरवतो, इथे ते आपण ठरवतो. मॉर्डिनच्या प्रयोगशाळेचं दार ज्यानं कधी उघडलं नाही, त्याच्यासाठी तो तुटक बोलणारा एक विक्षिप्त डॉक्टर एवढाच उरतो. ज्यानं पुन्हापुन्हा उघडलं, त्याची त्याच्याशी ओळख होते आणि ती ओळख आपण स्वतः पावलं झिजवून मिळवलेली असते.

दुसरा फरक जबाबदारीचा. आपण दिलेली उत्तरं, घेतलेले निर्णय पुढच्या भागात बरोबर येतात. दुसऱ्या भागाच्या अखेरीस चुकीच्या माणसाला चुकीच्या कामावर पाठवलं तर तो मरतो आणि तिसऱ्या भागात तो नसतो. म्हणजे ज्याचं कौतुक करायचं, त्याच्या जगण्यामरण्यातही आपला हात असतो.

एका रोगाचा इतिहास

मॉर्डिन समजायचा तर आधी जेनोफेज समजायला हवा.

या कथाविश्वात क्रोगन नावाची एक जमात आहे. धिप्पाड, सरपटणाऱ्या प्राण्यांसारखी कातडी, हजार वर्षांहून अधिक आयुष्य. टुचांका हा त्यांचा ग्रह त्यांनी आपसातल्या अणुयुद्धात आधीच भाजून काढलेला. पुढे आकाशगंगेवर रॅक्नाय या कीटकसदृश जमातीचं संकट आलं. त्यांच्याशी लढायला कुणीतरी हवं होतं, म्हणून सलेरियन या बुद्धिमान जमातीनं क्रोगनांना तंत्रज्ञान दिलं, जहाजं दिली आणि लढायला पाठवलं. क्रोगन जिंकले. मग त्यांची संख्या भराभर वाढली, जमीन पुरेना, त्यांनी इतरांचे ग्रह घ्यायला सुरुवात केली आणि युद्ध पेटलं. तेव्हा सलेरियनांनी एक जैविक अस्त्र तयार केलं आणि ट्यूरियन या लढवय्या जमातीनं ते सोडलं. तोच जेनोफेज. त्यानं कुणी मरत नाही. फक्त हजार गर्भांतला जेमतेम एक जगतो.

कामापुरतं वापरून घ्यायचं आणि मग संख्या जास्त झाली म्हणून कुशीवर पहारा बसवायचा, असा हा व्यवहार. मॉर्डिनचा संबंध त्याच्या पुढच्या टप्प्याशी आहे. शतकं गेली, क्रोगनांचं शरीर या रोगाशी जुळवून घेऊ लागलं आणि जन्म वाढू लागले. सलेरियनांच्या गुप्त दलात असलेल्या मॉर्डिननं आपल्या तुकडीबरोबर जेनोफेजमध्ये सुधारणा केली आणि तो पुन्हा टुचांकावर पसरवला. म्हणजे पूर्वजांच्या पापाचं ओझं वाहणारा हा कुणी वारस नव्हे. त्यानं हे स्वतःच्या हातानं, पूर्ण समजून केलेलं आहे.

दवाखान्यातली भेट

आणि तरी तो आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो गरिबांच्या दवाखान्यात. ओमेगा नावाच्या बकाल अंतराळवस्तीत साथ पसरली आहे, लोक कोंडले गेले आहेत आणि हा डॉक्टर येईल त्याला तपासतो आहे. दवाखान्यावर चालून आलेल्या गुंडांना त्यानंच गोळ्या घातल्या आहेत. त्याबद्दल त्याला खंत नाही. २०२१ च्या मे महिन्यात, बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज येत असताना हे दृश्य पाहताना मला तो काल्पनिक वाटलाच नाही.

सलेरियनांचं आयुष्य चाळीसेक वर्षांचं, झोप दिवसातून एखादा तास. म्हणून मॉर्डिन घाईत बोलतो. मध्येच नाकानं जोरात श्वास ओढतो आणि वाक्यातले शब्द गाळतो. विशेषतः ‘मी’ गाळतो. मराठीत कर्ता गाळला तरी फारसं बिघडत नाही, क्रियापदाचं रूप त्याला धरून ठेवतं. ‘केलं’ म्हटलं तरी कुणी केलं ते संदर्भावरून कळतं आणि ‘गेलो’ म्हटलं तर विचारावंच लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘मी’ काढला की करणारा वाक्यातून निघूनच जातो, उरतं ते फक्त काम. सुरुवातीला मला हा विनोदासाठी केलेला लकबीचा वापर वाटला. हळूहळू लक्षात आलं, की जेनोफेजबद्दल बोलताना हीच लकब त्याला आडोसा देते. सुधारणा आवश्यक होती. प्रारूपं तपासली. पर्याय युद्धाचा होता, त्यात क्रोगनांचा समूळ नाश झाला असता. संख्या स्थिर ठेवली, नष्ट केली नाही. सगळी वाक्यं बरोबर आणि एकाही वाक्यात माणूस नाही.

दुसऱ्या भागात पॅट्रिक वीक्स यांनी हे पात्र लिहिलं. त्यांनी मॉर्डिनला मूर्खासारखं भांडायला लावलेलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. त्याचे मुद्दे भक्कम आहेत. मी शेपर्डच्या तोंडून आक्षेप घेत होते आणि तो ते एकामागून एक परतवत होता. दोन-तीनदा तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. आणि वादात जिंकत असतानाच तो सांगून जातो, की काम संपल्यावरही तो नमुने तपासायला टुचांकाला जात राहिला. हे काम आपणच करायला हवं होतं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर चुकलं असतं, असंही तो म्हणतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं अशी वाचकांना विनंती आहे.

टुचांकाचं रुग्णालय

मॉर्डिनचा मेलॉन नावाचा जुना सहकारी टुचांकावर पळवून नेला गेल्याची बातमी येते. त्याला सोडवायला आपण एका पडक्या रुग्णालयात शिरतो. तिथे एका क्रोगन स्त्रीचं प्रेत आहे. जेनोफेजवर उपाय शोधण्याच्या प्रयोगांत ती स्वेच्छेनं सामील झाली होती, मूल व्हावं म्हणून. मॉर्डिन थांबतो. नेहमीची घाई संपते. तो तिच्यासाठी दोन शब्द बोलतो आणि मग आपण विचारलं तर सांगतो, की सलेरियनांमध्येही जीवनचक्राची कल्पना आहे, मानवांच्या हिंदू धर्मातल्या पुनर्जन्मासारखी. या जन्मातल्या चुका पुढच्या जन्मी दुरुस्त करता येतील ही कल्पना त्याला ओढ लावते. एडमंटनच्या कंपनीनं केलेल्या खेळात, परग्रहावरच्या शास्त्रज्ञाच्या तोंडी हे ऐकताना मी दचकले. आपल्याकडे कर्मविपाकाचा वापर बहुधा दुसऱ्याचं दुःख समजावून टाकण्यासाठी होतो. मॉर्डिनला ते स्वतःच्या चुकीसाठी हवं आहे. भोगायला नव्हे, दुरुस्तीला मुदत मिळावी म्हणून.

पुढच्या दालनात मेलॉन सापडतो आणि कळतं, की त्याला कुणी पळवलेलंच नव्हतं. जेनोफेजच्या अपराधानं पोखरलेला तो आपण होऊन इथे आला आहे आणि उपायाच्या शोधात जिवंत देहांवर क्रूर प्रयोग करतो आहे. मॉर्डिन त्याच्यावर पिस्तूल रोखतो. त्याला थांबवायचं की नाही, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. मेलॉननं जमवलेली माहिती ठेवायची की पुसायची, हेही.

या प्रसंगाची रचना बारकाईनं पाहण्यासारखी आहे. पश्चात्तापानं जळणारा मेलॉन अत्याचार करतो आहे आणि पश्चात्ताप नाकारणारा मॉर्डिन त्या अत्याचारानं संतापतो आहे. माणसाला मनातून वाईट वाटतं की नाही, यावर त्याची नैतिक किंमत ठरत नाही, असं हा प्रसंग न बोलता सांगतो. मॉर्डिनच्या आवडण्याचं पहिलं कारण मला इथे सापडलं. तो आपल्याकडे सहानुभूती मागत नाही. रडून दाखवत नाही. डोळे उघडे ठेवून आपल्या कामाचे परिणाम पाहायला येतो आणि पाहिलेलं नाकारत नाही.

अण्णा

आता घरगुती कारण.

माझे वडील, अण्णा, १९७६ साली एका तालुक्याच्या गावी सरकारी डॉक्टर होते. आणीबाणीचा काळ होता. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही संमत केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही. पण कायदा नसतानाही उद्दिष्टं होती, शिबिरं होती, अडवून ठेवलेले पगार आणि बदल्या होत्या. मी तेव्हा आठ वर्षांची. शाळेच्या इमारतीत शिबिर भरायचं म्हणून आम्हाला सुट्टी मिळायची, एवढंच मला ठाऊक.

अण्णा या विषयावर बोलत नसत. मी कॉलेजात असताना, नुकतंच काही वाचून तावातावानं घरी आले होते तेव्हा एकदाच मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “मी नसतो केल्या तर दुसऱ्या कुणी केल्या असत्या. आणि घाण हातांनी केल्या असत्या. माझ्या शिबिरात एकही माणूस दगावला नाही.” मग ते पेपर वाचू लागले.

पस्तीस वर्षांनी एका काल्पनिक सलेरियनाच्या तोंडून तेच वाक्य ऐकलं तेव्हा मी मुलाला खेळ थांबवायला सांगितलं.

या वाक्यात खोटं काहीच नाही, हीच अडचण आहे. अण्णांचा हात खरंच स्वच्छ होता. पण ‘काम नीट केलं’ हे ‘काम करावं की करू नये’ याचं उत्तर होत नाही. कौशल्य हा त्या प्रश्नापासून लपायचा सगळ्यांत प्रतिष्ठित आडोसा आहे. कारण त्यात माणसाला स्वतःचा आदर शाबूत ठेवता येतो.

मनोरा

तिसऱ्या भागात आकाशगंगेवर मोठं संकट आलेलं आहे आणि क्रोगनांची मदत हवी आहे. त्यांची अट एकच, जेनोफेजवर उपाय. कळतं ते असं, की क्रोगनांना आतून खबर पुरवणारा मॉर्डिनच होता. ईव्ह हे टोपणनाव दिलेल्या एका क्रोगन स्त्रीच्या शरीरातून तो उपाय तयार करतो. मेलॉनची माहिती आपण पुसून टाकली असेल तर ती स्त्री वाचत नाही. क्रौर्यातून मिळालेली माहिती ठेवावी का, या प्रश्नाचं उत्तर आपण दुसऱ्या भागात तत्त्व म्हणून दिलेलं असतं. इथे त्याची किंमत एका व्यक्तीच्या जिवात मोजली जाते.

तिसऱ्या भागातली टुचांकाची कथा जॉन डोंब्रो यांनी लिहिली. उपाय एका मनोऱ्यातून वातावरणात सोडायचा आहे. सलेरियन नेत्या शेपर्डला गुपचूप सांगतात, की मनोऱ्यात आधीच बिघाड करून ठेवला आहे. गप्प राहा, उपाय निकामी होईल, क्रोगनांना कळणार नाही आणि आमचीही फौज मिळेल. आपण खरं सांगितलं तर मॉर्डिन तो बिघाड काढायला कोसळत्या मनोऱ्यात वर जातो. निवृत्तीनंतर समुद्रकिनारी शंखशिंपल्यांवर चाचण्या करायचा त्याचा बेत होता. हे आपणच करायला हवं, दुसऱ्या कुणाकडून चुकेल, हे जुनंच वाक्य तो पुन्हा म्हणतो. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकेतल्या चालीवर रचलेलं, पूर्वी मजेत गायलेलं गाणं पुटपुटत तो काम पुरं करतो आणि मनोरा उडतो. जे वाक्य सबब होतं तेच परतफेड होतं. शब्द तेच, वाक्याखालचा माणूस बदललेला.

पहिल्या वेळी आम्ही हा मार्ग घेतला आणि दोघंही डोळे पुसत जेवायला बसलो. दुसऱ्या वेळी मुलाला दुसरा मार्ग पाहायचा होता. त्यात शेपर्ड मॉर्डिनला अडवतो. तूच तर जेनोफेजचं समर्थन करत होतास, असं सुनावतो. आणि तिथे, इतके दिवस ‘मी’ गाळणारा मॉर्डिन ओरडून ‘मी’ म्हणतो. चूक मी केली, असं म्हणतो. मोठ्या चित्राकडे पाहत राहिलो, पण मोठं चित्र लहान चित्रांचंच बनलेलं असतं, आकड्यांमागे लपता येत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय. एवढी स्वच्छ कबुली साऱ्या कथेत दुसरीकडे नाही. ती ऐकू येते फक्त त्याला, ज्यानं मॉर्डिनवर पिस्तूल रोखलं आहे. त्याच्याशी चांगलं वागणाऱ्याला ती कधीच ऐकायला मिळत नाही. पडद्यावर गोळी झाडण्याचं चिन्ह आलं. मुलानं माझ्याकडे पाहिलं. आम्ही बटण दाबलं नाही आणि मॉर्डिन वर निघून गेला.

काही आक्षेप

कौतुकाच्या भरात दोन गोष्टी झाकल्या जाऊ नयेत. पहिली, रोग क्रोगनांना झाला, पण नायकत्व उपाय देणाऱ्या सलेरियनाला मिळालं. ज्यांच्या कुशीवर हे सगळं घडलं त्या क्रोगन स्त्रियांपैकी ठळकपणे भेटते ती एक ईव्ह. तिचं बोलणं शहाणपणाचं आहे, पण ती बहुतेक वेळ उपचाराच्या खोलीतच असते. दुसरी, मरण हा प्रायश्चित्ताचा सोपा मार्ग आहे. चूक केलेल्यानं जगून ती निस्तरणं जास्त अवघड, आणि कथेला ते फारसं मानवत नाही.

पण खेळानं एक पळवाट अशी ठेवली आहे, की तिनं माझा दुसरा आक्षेप अर्धा बोथट केला. क्रोगनांचा शहाणा नेता रेक्स आधीच मारला गेला असेल, त्याच्या जागी सूडानं पेटलेला रीव्ह असेल आणि ईव्हही वाचलेली नसेल, तर मॉर्डिनला पटवता येतं, की आत्ता उपाय देणं धोक्याचं आहे. मग तो मागे फिरतो आणि जगतो. म्हणजे त्याचा जुना हिशेब निव्वळ खोटा होता असं खेळ म्हणत नाही. दुष्टाला हटवलं की प्रश्न मिटला, असा हा मामला नाही. आणि टुचांकाच्या त्या मनोऱ्यावरून जिवंत परतणारा मॉर्डिन तोच, ज्यानं उपाय दिला नाही. त्या जगण्याकडे कौतुकानं पाहायचं की खेदानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी कौतुक कशाचं करते? निर्दोषपणाचं नाही. आपल्या बाजूनं उत्तम युक्तिवाद हाताशी असताना, कुणी भाग पाडत नसताना, स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाविरुद्ध पुरावा मोजायला बसण्याची तयारी, याचं. कौतुक म्हणजे माफी नव्हे. माफी द्यायचीच तर ती क्रोगनांनी द्यायची, मी कोण?

अण्णा निवृत्तीनंतर दर गुरुवारी एसटीनं एका वाडीवर जाऊन फुकट दवाखाना चालवत. आम्हाला वाटे, समाजसेवेची आवड. ते गेल्यानंतर, भेटायला आलेल्या त्यांच्या जुन्या कंपाउंडरनं सांगितलं, की त्या वाडीतली चौदा माणसं एका दिवसात शिबिरात आणली गेली होती. त्यांतल्या एकाचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. तो पुढे अण्णांकडे आला होता, हे उलटं करून द्या म्हणून. ते अण्णांच्या हातात नव्हतं. नंतर त्याच माणसाच्या ओसरीवर त्यांचा गुरुवारचा दवाखाना भरत असे.

त्या ओसरीवर दोघं काय बोलत असतील, मला माहीत नाही. मॉर्डिनच्या खोलीत मी सतरा वेळा गेले, एकही वाक्य सुटू नये म्हणून. अण्णांची खोली जिन्याच्या डाव्या हाताला होती, दार दिवसभर उघडं असायचं. कॉलेजातल्या त्या एका प्रश्नानंतर मी पुन्हा विचारायला गेले नाही.